बाळाचा पहिला श्वास

आमची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना संपायला आला होता. एका रात्री अचानक कळा सुरू झाल्या आणि पहाटे मुलगा झाला. रडला, पण अगदी बारीक. तासाभरात त्याचे पोट उडू लागले. दर श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात, नाकपुड्या फुलत. बाळ कण्हत होते. कुणी म्हणाले, नजर लागली. कुणी शेक द्यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाळ गेले. आई म्हणाली, "सातमाशी पोर ते. देवानं दिलं, देवानं नेलं."

ही १९८४ सालची गोष्ट. आम्ही शाळेत मास्तर, पण बाळ कशाने गेले हे आम्हालाही कळले नाही. पुढे एका डॉक्टरांनी ते समजावून सांगितले.

आपली फुप्फुसे म्हणजे दोन रिकाम्या पिशव्या नव्हेत. त्यांत कोट्यवधी बारीक फुगे असतात. श्वास घेतला की ते फुगतात, सोडला की लहान होतात. या फुग्यांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. आता पाण्याचा एक गुण आहे. ते स्वतःला आवळून धरते. अळवाच्या पानावर थेंब गोल होतो, तो याचमुळे. प्लास्टिकची ओली पिशवी उघडून पाहा. तिच्या दोन्ही बाजू चिकटून बसतात, लवकर सुटत नाहीत. फुप्फुसातले फुगेही असेच मिटून चिकटले असते.

पण ते चिकटत नाहीत. कारण फुप्फुसे स्वतःच एक बुळबुळीत पदार्थ तयार करतात. डॉक्टर त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. नाव अवघड आहे, पण काम साबणाचे आहे. नुसत्या पाण्याचे फुगे पोरांना उडवता येतात का? साबण घातला की पाण्याची ओढ ढिली होते, मग फुगा होतो. तसेच हे.

पोटात असताना बाळाला श्वास घ्यावा लागत नाही. हा पदार्थ सहाव्या महिन्याच्या सुमारास थोडाथोडा तयार होऊ लागतो आणि आठवा महिना संपता संपता पुरेसा होतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाचे फुगे दर श्वासाला मिटतात. ते पुन्हा उघडता उघडता बाळ थकून जाते. 'सातवं जगतं, आठवं जगत नाही' असे आपल्याकडे म्हणतात, ते साफ खोटे आहे. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या कामी येतो.

एके काळी पैसा असूनही या दुखण्यापुढे इलाज नव्हता. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला. त्याला बोस्टन शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेले. ३९ तासांत तो गेला. दुखण्याचे कारण त्याच शहरात मेरी एलेन एव्हरी या डॉक्टरबाईंनी १९५९ सालीच दाखवले होते, पण औषध नव्हते. मग जपानच्या डॉक्टर फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेला पदार्थ दहा बाळांच्या श्वासनळीत घातला. बाळांचा श्वास सुधारला. हे त्यांनी १९८० साली जाहीर केले. म्हणजे आमचा भाचा गेला तेव्हा औषध निघाले होते, फक्त आमच्या गावापर्यंत आले नव्हते.

आज मोठ्या इस्पितळांत ते मिळते. बारीक नळीने ते श्वासनळीत सोडतात. एक किलोच्या बाळाला लहान चमचाभरही लागत नाही. सगळीच बाळे वाचतात असे नाही, पण पुष्कळ वाचतात.

याहून सोपा उपाय आईसाठी आहे. अपुऱ्या दिवसांत कळा आल्या तर आईला एक इंजेक्शन देतात. त्याने पोटातल्या बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ साली हे सिद्ध केले. आधी मेंढ्यांवर पाहिले होते बरं का! आपल्याकडे २०१४ पासून नर्सबाईही पहिले इंजेक्शन देऊन पुढे पाठवू शकतात. मात्र त्याचा पुरता गुण यायला एक दिवस तरी लागतो. म्हणून आठवा महिना संपायच्या आत कळा आल्या किंवा पाणी गेले, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

आणि मूल घरीच झाले तर? त्याला अंघोळ घालू नका. मध, गुटी काही चाटवू नका. डोक्याला टोपडे घाला, आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घ्या आणि तसेच गाडीत बसवा. बाळ शांत असताना घड्याळ लावून श्वास मोजा. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर डॉक्टरांना पोचल्याबरोबर सांगा.