आफ्रिकेच्या रानांतील गोचीड व माशी

गुरांच्या अंगावरील गोचीड आपणां शेतकऱ्यांस नवा नाहीं. परंतु दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो प्रांतांत शिकारीस जाणाऱ्यानें तेथील एका जातीची रीत जाणून घ्यावी. हा गोचीड गवतावर वाट पाहत बसत नाहीं. श्वासाचा सुगावा लागतांच जमिनीवरून धावत येतो! म्हणून विजारीचीं टोकें पायमोज्यांत खोंचावीं, कपड्यांस (कातडीस नव्हे) पर्मेथ्रिन लावून वाळवावें व रोज सायंकाळीं जांघा-काखा तपासाव्या. चिकटलेला गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावा. विस्तव लावूं नये.

झांबियांतील निद्रारोग पसरविणारी त्सेत्से माशी पातळ कापडांतूनहि चावते व निळ्या-काळ्या रंगाकडे ओढली जाते. तेथें खाकी जाड कापड बरें.

परतल्यावर आठ-दहा दिवसांत ताप येऊन दंशाच्या जागीं काळी खपली दिसल्यास, आपण आफ्रिकेंतून आल्याचें डॉक्टरांस प्रथम सांगावें. गोचिडाचा हा ताप डॉक्सिसायक्लिननें बरा होतो.