न्हाणीतली फट आणि अंगठ्याचा सांधा

कापूस वेचून वेचून अंगठ्याचे बूड दुखणाऱ्या बाया बाभुळगाव तालुक्यात नव्या नाहीत. अशा हाताने न्हाणीतल्या फटीत सिलिकॉन भरायला घेतले, तर बंदुकीचा खटका दाबताना कळ मस्तकात जाते. कारण चिमटीत १ किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार येतो. संधिवात असेल तर बोलायलाच नको.

म्हणून चिमटीने दाबायची छोटी ट्यूब नको, बंदूकच घ्या. नळीचे तोंड तिरपे आणि जरा मोठे कापा. तोंड अरुंद असेल तर जास्त दाब लागतो. खटक्याला सुती कापड गुंडाळा, मनगट सरळ ठेवून चारही बोटांनी दाबा, वीतभर झाले की थांबा. घाई कोणाला आहे? फट मात्र आधी खरवडून कोरडी करा, ओलीवर सिलिकॉन धरत नाही. व्हिनेगरसारखा वास येतो तो ॲसिटिक ॲसिडचा. दमा असणाऱ्यांनी खिडकी उघडी ठेवावी. पुढचे २४ तास तिथे पाणी नको.

रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, हातातून कप निसटत असेल, तर फट मिस्त्रीकडे सोपवा आणि हात डॉक्टरांना दाखवा. त्यासाठी साखर आणि थायरॉइडही तपासावे लागते.