चार काळ्या पट्ट्यांची गोष्ट

तानापिहिनिपाजा म्हणता येतं ना? मग ही गोष्ट तुम्हाला कळणार. प्रकाश स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिला की ते सात रंग ओळीनं दिसतात. मध्येच एखादा काळा पट्टा दिसला, तर समजायचं की वाटेत कुणीतरी तेवढाच रंग गिळला. पट्टा कुठं पडला त्यावरून चोर ओळखतात.

इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टन गावी चार्ल्स मॅकमन नावाचा आयरिश डॉक्टर होता. दिवसभर रोगी तपासायचे आणि सवड मिळाली की तबेल्यावरच्या माळ्यावर जाऊन बसायचं. तीच त्याची प्रयोगशाळा. नाना प्राण्यांचे स्नायू तो दिव्यापुढे धरायचा. त्यात त्याला चार पट्टे दिसले, आणि ते हिमोग्लोबिनचे नव्हते. ज्यांच्या अंगात लाल रक्ताचा थेंब नाही अशा किड्यांतही ते होतेच. हे द्रव्य पेशींना श्वास घ्यायला मदत करतं, असं त्यानं 1886 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं.

झालं, ठिणगी पडली! जर्मनीचा फेलिक्स होपे-सायलर म्हणजे हिमोग्लोबिनला नाव देणारा माणूस. तो म्हणाला, वेगळं द्रव्य वगैरे काही नाही, हे हिमोग्लोबिनचंच बिघडलेलं रूप. मॅकमननं उत्तर धाडलं. पण ज्या मासिकात वाद चालला होता त्याचा संपादकही होपे-सायलरच. त्यानं खाली टीप टाकली की आता आणखी चर्चा नको. वादीही तोच, न्यायाधीशही तोच! मॅकमनचं रसायन कच्चं होतं, हे मात्र खरं, आणि ते त्यानं स्वतःही मान्य केलं. पण हे द्रव्य कधीतरी पाठ्यपुस्तकात जाईल, असंही तो लिहून गेला. हे ज्या पुस्तकात त्यानं लिहिलं, ते छापून आलं 1914 मध्ये. तेव्हा त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

आता केंब्रिजला चला. तिथं डेव्हिड केलिन, जन्म मॉस्कोचा, आईबाप पोलिश, आणि दम्यानं कायम बेजार. त्याचा विषय काय, तर घोड्याच्या पोटातल्या अळ्या! एक माशी घोड्याच्या केसांवर अंडी घालते, घोडा अंग चाटतो आणि अळ्या पोटात जाऊन जठराला चिकटतात. या अळ्यांत हिमोग्लोबिन भरपूर असतं. अळीची माशी झाल्यावर ते जातं कुठं, हे केलिन शोधत होता. म्हणून त्यानं माशीच्या छातीचे स्नायू तपासले, आणि तिथं उभे तेच चार पट्टे. एक नारिंगीत, बाकीचे हिरव्याच्या आसपास.

मग त्यानं यीस्ट घेतलं, आपलं पावाचं असतं तसलंच. पाण्यात कालवून परीक्षानळीत भरलं. पट्टे स्वच्छ दिसत होते. नळी हवेबरोबर खळखळून हलवली, तर पट्टे गायब! नळी तशीच धरून ठेवली आणि थोड्याच वेळात पट्टे परत हजर. पुन्हा हलवली, पुन्हा गायब. मग त्यात सायनाइड घातलं. आता कितीही हलवा, पट्टे जागचे हलेनात. सायनाइड माणसाला का मारतं, ते त्या नळीतच दिसत होतं. मला विचाराल तर विज्ञानात इतका स्वस्त आणि इतका देखणा प्रयोग विरळा.

गंमत अशी की या द्रव्याच्या पोटात हिमोग्लोबिनसारखंच हीम असतं, म्हणजे कार्बन-नायट्रोजनचं कडं आणि मधोमध लोखंडाचा एक अणू. हिमोग्लोबिनमधलं लोखंड ऑक्सिजन पाठीवर घेतं आणि नेऊन उतरवतं. इथलं लोखंड इलेक्ट्रॉन घेतं आणि पुढच्याला देतं. शेवटी तो ऑक्सिजनपाशी पोचतो. इलेक्ट्रॉन हाती असला की पट्टा दिसतो, देऊन टाकला की पुसला जातो.

1925 मध्ये केलिननं निबंध छापला. द्रव्याला नाव दिलं सायटोक्रोम. नवं नाव दिलंच होतं, तर जुन्या डॉक्टरचं नाव गाळून सारं श्रेय खिशात घालता आलं असतं. पस्तीस वर्षं फारसं कुणी त्याचं नाव घेतलं नव्हतं. पण हे मॅकमननंच आधी पाहिलं होतं, असं केलिननं स्पष्ट लिहिलं.

आज शास्त्रज्ञाचं वजन त्याच्या निबंधाला किती जणांनी आधार म्हणून दाखवलं त्यावर मोजतात. हे मोजमाप कुणी कुणाचा आधार घेतला याची नोंद ठेवणाऱ्या यूजीन गारफील्डच्या सूचीपासून, 1964 च्या सुमारास, रुळलं. त्याची एक खोड आहे. एखादी गोष्ट पाठ्यपुस्तकात गेली की ती शोधली कुणी, हे लिहायची गरजच कुणाला वाटत नाही. सायटोक्रोम रोज लिहिलं जातं, केलिन क्वचित.

नोबेल म्हणता? केलिनला नाही मिळालं. पेशींच्या श्वसनावरच्या कामाचं 1931 चं नोबेल ओटो वारबर्गला गेलं. केलिन म्हातारपणी या सगळ्या शोधाचा इतिहास लिहायला बसला आणि 1963 मध्ये वारला. हस्तलिखित अपुरंच होतं. मुलगी जोन हिनं ते पुरं करून 1966 मध्ये छापलं. वुल्व्हरहॅम्प्टनच्या डॉक्टरची हकिगत त्यात सविस्तर आहे.