गारा पडून गेल्यावर



गारपिटीने पिकाचे काय हाल होतात, हे तुम्हांला मी सांगायला नको. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यापासून विदर्भापर्यंत गारांनी जे झोडपले, ते कोण विसरेल? पण शेताच्या काळजीत दोन गोष्टी पाहायच्या राहून जातात. एक डोक्यावरचे छप्पर, दुसरी दारातली गाडी. पिकाचे नुकसान त्याच दिवशी डोळ्यांना दिसते. ह्या दोहोंचे मात्र पुष्कळदा पुढच्या पावसात कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो. तेव्हा तपासणी कशी करावी, एवढेच आज सांगतो.

पहिले काम गार मोजण्याचे. शिक्षकबंधूंना हा हिशेब वर्गातही सांगता येईल. गारेचा व्यास दुप्पट झाला की तिचे वजन आठपट होते. मोठी गार पडतेही अधिक वेगाने, सुमारे १.४ पट. आघाताचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे इथे आणखी दुप्पट. आठ दुणे सोळा! दोन सेंटिमीटरची बोराएवढी गार आणि चार सेंटिमीटरची लिंबाएवढी गार ह्यांत दिसायला फरक थोडा, पण तडाख्यात सोळापट. म्हणून चांगलीशी गार उचलावी, पट्टीशेजारी ठेवावी आणि फोटो काढावा. गार हा पुरावा आहे, पण घटकाभरात विरघळणारा.

मात्र घाई करू नये. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास घरातच थांबावे. बाहेर पडताना पायात जोडा हवा. गारांचा थर तेलासारखा निसरडा असतो. विजेची तार तुटून पडली असेल तर तिच्या जवळपास जाऊ नये, वीज कंपनीला कळवावे.

आता छप्पर. ते आधी आतून पाहावे. दारे-खिडक्या लावून अंधार करावा आणि वर बघावे. जिथे उजेडाचा टिपका किंवा बारीक रेघ दिसेल, तिथून पाणी येणार. भिंतीच्या माथ्याला व वाशांना हात लावून ओल पाहावी. मग बाहेरून, जमिनीवरूनच, चारी बाजूंनी फिरावे. वारा ज्या अंगाने होता ते अंग जास्त बारकाईने पाहावे. झाडाची पाने कोणत्या बाजूला अधिक फाटली आहेत, यावरून ते अंग ओळखता येते.

लोखंडी पत्र्याला नुसते पोचे पडले असतील तर लगेच धोका नाही. पण जस्ताचा थर उडाला असेल, किंवा पोच्यात पाणी साचत असेल, तर तिथे गंज धरतो. खिळ्या-बोल्टांखालचे वायसर सरकले का, तेही पाहावे. कौल फुटले तर ते त्याच दिवशी बदलावे. एका कौलाचे पाणी खालचा वासा कुजवते. पन्हळीत पाला आणि गारा अडकून पाणी उलटे घरात येते, म्हणून ती मोकळी करावी.

सिमेंटच्या पत्र्याचे मात्र वेगळे आहे. तो वाकत नाही, तडकतो, आणि तडा केसाएवढा असला तर खालून दिसतही नाही. अशा पत्र्यावर कधीही पाय देऊ नये. वर चढलेला माणूस पत्र्यासकट खाली येतो आणि जिवानिशी जातो. शिवाय त्यात ॲस्बेस्टॉस असेल तर त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. तो कापणे, फोडणे, कोरडा झाडणे टाळावे. छपरावर सौर तावदान असेल आणि त्याची काच तडकली असेल, तर हात लावू नये. ऊन आहे तोवर त्यात वीज असतेच. तंत्रज्ञाला बोलवावे.

आता गाडी. टेंपो असो, जीप असो की ट्रॅक्टर, आधी चिखल धुऊन काढावा. भर दुपारी पोचे दिसत नाहीत. सकाळी किंवा सायंकाळी, ऊन तिरपे असताना, डोळे पत्र्याच्या पातळीला आणून आडवे पाहावे. प्रत्येक पोच्याभोवती शाळेतल्या खडूने वर्तुळ करावे, म्हणजे मोजताही येतात आणि फोटोतही उमटतात. रंग उडाला असेल तिथे गंज आधी येईल. समोरच्या काचेवर चांदणीसारखा तडा असेल तर तो उन्हाने व हादऱ्याने पसरत जातो. गाडी लांब नेऊ नये. काचेभोवतीचे रबर, दिवे, आरसे पाहावेत. पायाखालची चटई उचलून खाली हात फिरवावा. ओल लागली तर पाणी कुठून तरी शिरले आहे.

तुम्ही म्हणाल, नुकसान कळले, पुढे काय? घरासाठी तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, ताबडतोब कळवून पंचनामा मागावा. गाडीच्या विम्याचा कागद काढून वाचावा. केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा असेल तर गारांची भरपाई मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल, तर कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत दुरुस्ती करू नये. काचेवर किंवा छपरावर ताडपत्री बांधायला हरकत नाही. पण आधी फोटो, मग ताडपत्री.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. शाळेवर सिमेंटचे पत्रे असतील, तर गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी मुले येण्याआधी अर्धा तास तुम्ही शाळेत जा. प्रत्येक वर्ग अंधारा करून वर पाहा. जिथे उजेडाची रेघ दिसेल, किंवा पत्रा खाली झुकलेला वाटेल, त्या वर्गाला कुलूप लावा आणि मुलांना झाडाखाली किंवा देवळाच्या ओवरीत बसवा. एका दिवसाचा पाठ बुडाला तर भरून काढता येतो. बाकावर बसलेल्या पोराच्या डोक्यावर पत्रा आला, तर ते कोणत्याही पंचनाम्याने भरून निघणार नाही.