पातं फिरलं का?

पहाटे ४.३०

सोमवारी मी थेट गावाहूनच कामावर जातो. रविवार मांडवगणला आईकडे, बाकीचे दिवस हडपसरला. जानेवारीत या वेळेला मांडवगण फराटा झोपलेलं नसतंच. शेतीची वीज रात्रपाळीत असली की कोणी ना कोणी उसाला पाणी देत असतं, तोडलेल्या उसाच्या गाड्या भरून उभ्या असतात. बिबट्याच्या धास्तीनं बांधावर एकटं कोणी जात नाही. दोघं-तिघं मिळून निघतात, हातात बॅटरी, मोबाइलवर मोठ्यानं गाणी. आई म्हणते, "उजाडल्यावर निघ की." पण ओपीडीची गर्दी सुरू व्हायच्या आत रुग्णालयाचं तळघर उरकायचं आहे.

५.१५

पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो, आणि चौफुल्याच्या दिशेला गुऱ्हाळं पेटलेली दिसू लागतात. माझं काम काय असं गावात कोणी विचारलं तर मी गुऱ्हाळच दाखवतो. चुलवाणात चिपाड पेटलं की तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यात चढते, आणि तिची जागा घ्यायला चुलवाणाच्या तोंडातून गार हवा आत शिरते. हे तोंड बुजवा, मग धुराडं कितीही उंच असो, धूर माघारी फिरून काहिलीवरच्या माणसाच्या डोळ्यांत जाणार. मोठ्या इमारतीतले जिने, लिफ्टचे शाफ्ट, केबल आणि एसीचे डक्ट ही सगळी न बांधता तयार झालेली धुराडी आहेत. आग लागल्यावर धुरानं कोणत्या वाटेनं जायचं आणि कोणत्या वाटेला फिरकायचंही नाही, हे नकाशावर ठरलेलं असतं. ते प्रत्यक्षात तसं घडतं का, हे मी तपासतो.

७.००

पुण्यातलं एक मोठं रुग्णालय. वर नऊ मजले, खाली दोन तळघरं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे अशा इमारतीच्या मालकाला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून 'फॉर्म बी' घेऊन अग्निशमन विभागाला द्यावा लागतो. यंत्रणा सुस्थितीत आहे आणि चालते, असं त्यात लिहून द्यायचं असतं. म्हणून जानेवारी हा आमचा सुगीचा महिना. पण पंप चालला, होजरीलमधून पाणी आलं, भोंगा वाजला, एवढ्यावर तपासणी आटोपण्याची सवय सगळीकडे आहे. धुराची यंत्रणा मागे पडते, कारण ती दिसत नाही. ती छतावर असते, फॉल्स सीलिंगच्या वर असते, शाफ्टच्या अंधारात असते. आगीत बहुतेक माणसं भाजून मरत नाहीत, धुरानं मरतात. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. माणूस दारापर्यंत पोहोचायच्या आत बसकण मारतो.

७.२०

तळघर दोन, वाहनतळ. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे आगीच्या वेळी तळघराची हवा तासाला बारा वेळा बदलली पाहिजे, म्हणजे दर पाच मिनिटांनी सगळी. एवढी हवा खेचणारे पंखे २५० अंश सेल्सिअसच्या धुरात दोन तास चालतील असे असावे लागतात. साध्या मोटरचं वाइंडिंग त्या आधीच जळून जाईल.

पॅनेलवरून पंखा लावला. आवाज आला, दिवा लागला, अ‍ॅमीटरचा काटाही हलला. सोबतचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "चालू आहे दादा." मी जाळीजवळ टिश्यूची पट्टी धरली. जाळीला चिकटायला हवी होती, ती माझ्या तोंडाकडे उडाली. पंखा उलटा फिरत होता. मोटर दिवाळीत रिवाइंड होऊन आली होती आणि परत जोडताना दोन फेज बदलले गेले होते. इथला पंखा अक्षीय आहे, उलटा फिरला की धूर बाहेर नेण्याऐवजी बाहेरची हवा आत ढकलतो. एका परीनं बरं, पट्टी लगेच सांगते. घात करतो तो पिंजऱ्याचा ब्लोअर. तो उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूला टाकतो, फक्त फार कमी. पट्टी बरोबर उडते आणि माणूस फसतो. म्हणून केसिंगवरचा बाण आणि चाक दोन्ही पाहायचे, बंद होता होता मंदावलेलं चाक डोळ्यांनी पाहायचं, आणि मग अ‍ॅनेमोमीटरनं जाळीवर जागोजागी हवेचा वेग मोजून गेल्या वेळच्या आकड्याशी ताडून बघायचा.

फेज बदलून घेतले. पट्टी जाळीला चिकटली.

९.४५

गच्ची. जिन्यात स्वच्छ हवा कोंबणारे ब्लोअर इथे आहेत. एकाच्या तोंडावरच्या जाळीत पारव्यांनी काड्या भरल्या होत्या, निम्मी वाट बंद. पुण्यात हे घरोघरचं. दोन बेल्टपैकी एक सैल झालेला, म्हणून दोन्ही बदलले. जुना आणि नवा बेल्ट जोडीनं चालवला तर सगळा भार नव्यावर येतो. बेअरिंगला ग्रीस. धूर बाहेर टाकणारं तोंड आणि जिन्यासाठी हवा घेणारं तोंड यांत अंतर आहे ना, हेही पाहिलं. मध्येच नवी पत्र्याची शेड उभी राहिली तर बाहेर पडलेला धूर तिच्याखाली अडतो आणि जिन्यात परत खेचला जातो. इथे तसं काही नव्हतं.

११.००

जिना. हेच काम मला सगळ्यात आवडतं. ब्लोअर लावला, सगळी दारं मिटली, दाराखालून मॅनोमीटरची बारीक नळी सरकवली. जिन्यातला दाब बाहेरपेक्षा पन्नास पास्कलनं जास्त हवा. पन्नास पास्कल म्हणजे पाण्याची जेमतेम पाच मिलिमीटर उंची, तळहाताला कळणारही नाही. पण फटीफटींतून हवा जिन्यातून मजल्याकडे वाहत राहते आणि धुराला जिन्यात पाऊल टाकू देत नाही.

दाब जास्त झाला तरी पंचाईत. जिन्याचं दार जिन्याच्या बाजूला उघडतं. दोन चौरस मीटरच्या दारावर पन्नास पास्कल म्हणजे दहा किलोचा रेटा, त्यात दार मिटवणाऱ्या क्लोजरची ओढ वेगळी. म्हणून प्रत्येक दाराला ताणकाटा लावून ओढून पाहतो. सातव्या मजल्याचं दार मलाच जड गेलं. गुडघे दुखणारी आजी ते कसं उघडणार? दाब उतरवणारी झडप गंजून अडकली होती, ती सोडवली. मग तळमजल्याचं आणि आग लागली असं धरलेल्या मजल्याचं, अशी दोन दारं उघडी ठेवून पुन्हा मोजलं. खऱ्या आगीत माणसं पळत असतात, दारं बंद राहत नाहीत. उघड्या दारातूनही हवा मजल्याकडेच वाहिली पाहिजे.

चौथ्या मजल्यावर दाराला लाकडी गुटका लावलेला. साफसफाईच्या मावशी म्हणाल्या, "दिवसातून शंभरदा बादली घेऊन जायचं, दार सारखं अंगावर येतं." त्यांचं खरं आहे. नुसता गुटका काढून नेला तर दुपारी दुसरा येतो. तिथे विद्युतचुंबकाचा होल्डर लावा, एरवी दार उघडं राहील आणि भोंगा वाजला की आपोआप मिटेल, असं अहवालात लिहिलं. मावशींना चुंबक कसा सुटतो ते शेजारच्या दारावर करून दाखवलं. त्यांनी दोनदा स्वतः करून पाहिलं.

१.३०

जेवण. आईनं दिलेली बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत. पंधरा मिनिटं.

२.००

शाफ्टची पाहणी. वायफायच्या नव्या केबली टाकताना कोणीतरी मजल्यामजल्याच्या स्लॅबमधलं अग्निरोधक बूच फोडलं आणि भोक तसंच ठेवलं. ९ डिसेंबर २०११ ला कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात आग तळघरात लागली होती. धूर अशाच वाटांनी वर चढला, काचेची बंद दर्शनी भिंत असल्यानं बाहेर निघाला नाही, आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली. त्यातले बहुतेक रुग्ण आपापल्या खाटांवर होते. दिल्लीच्या 'उपहार' चित्रपटगृहात १३ जून १९९७ ला ट्रान्स्फॉर्मर पेटला तोही खाली, वाहनतळात. गुदमरले ते बाल्कनीतले प्रेक्षक, ५९ जण. भोकांचे फोटो काढले, मजले लिहिले.

३.१५

अतिदक्षता विभाग. इथे तपासणीसाठी धूरयंत्र नाही, फवारा नाही, घाई नाही. सिस्टरांनी सांगितलेली वेळ आम्ही पाळतो. आधी बूट झाकायचे, मग आत.

इथला रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे, तो जिना उतरू शकत नाही. त्याला त्याच मजल्यावर अग्निरोधक दारापलीकडच्या भागात खाटेसकट न्यायचं असतं. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ धूर अडवून मिळवायचा असतो. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशू कक्षात दहा बाळं गेली. त्यातली सात गुदमरून. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात अकरा जण गेले. नगर आम्हाला परकं नाही, शिरूरची वेस ओलांडली की तो जिल्हा सुरू होतो. आमच्या भागातली माणसं तिथे दवाखान्याला जातात. या खोल्यांत शिरताना मला ते आठवतं आणि हात सावकाश चालतो.

खाली पॅनेलवरून या मजल्याला आगीचा इशारा दिला. एसीची हवा खेळवणारं ए.एच.यू. थांबलं पाहिजे, पुरवठ्याच्या डक्टमधला फायर डँपर (पात्याची झडप) मिटला पाहिजे, धूर खेचणारा डँपर उघडला पाहिजे आणि बाकीच्या मजल्यांचे बंदच राहिले पाहिजेत. वॉकीटॉकीवर खालून आवाज आला, "सगळं ओके, हिरवा आला." मी शिडीवर होतो, बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये. तपासणीचं झाकण उघडून बॅटरी मारली, तर धूर खेचणाऱ्या डँपरचं पातं मिटलेलं. ते फिरवणारा अ‍ॅक्च्युएटर फिरला होता, त्याच्या पोटातल्या स्विचनं 'उघडला' असं पॅनेलला कळवलंही होतं, पण अ‍ॅक्च्युएटर आणि पात्याचा दांडा यांना धरणारा स्क्रू ढिला होता. मोटर आपल्या जागी फिरली, दांडा जागेवरच. खऱ्या आगीत खाली हिरवा दिवा लागला असता आणि वर खेचणारा पंखा बंद पात्यावर डोकं आपटत राहिला असता.

"पातं फिरलं का?" हा प्रश्न मी प्रत्येक डँपरला विचारतो, तो यासाठी. सहकाऱ्यांना कंटाळा येतो, मला माहीत आहे. डँपर शेकडो असतात, प्रत्येकाला शिडी लागते, निम्म्यांना झाकणच ठेवलेलं नसतं. नमुन्यादाखल काही पाहा, असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. पण दिवा स्विच पाहतो, पातं पाहत नाही. आणि ज्या मजल्याला आग लागेल त्याच मजल्याचं पातं फिरायचं असतं, नमुन्यातलं नव्हे.

स्क्रू आवळला, पुन्हा इशारा दिला, पातं फिरताना सिस्टरांना बोलावून दाखवलं. त्यांनी विचारलं, "हे उघडल्यावर आम्ही खिडकी उघडायची का?" चांगला प्रश्न. नाही उघडायची. आत यायची हवा कुठून यावी हे ठरलेलं आहे, मधेच खिडकी उघडली तर वारा धूर पलीकडच्या भागात ढकलू शकतो. त्यांनी ते ड्यूटीच्या वहीत लिहून ठेवलं.

रात्री ९.००

भेटीची वेळ संपली, आता शेवटची आणि खरी परीक्षा. सकाळपासून एकेक यंत्र वेगळं पाहिलं, आता सगळं एकदम, आणि तेही मुख्य वीज गेलेली असताना. वॉर्डांच्या विजेला हात न लावता फक्त अग्निसुरक्षेच्या पॅनेलचा मुख्य पुरवठा तोडला. जनरेटरनं भार घेतला, जिन्याचे ब्लोअर सुरू झाले, लिफ्ट तळमजल्याला येऊन दारं उघडून थांबल्या. पण तळघराचा एक पंखा उठला नाही. त्याचा स्टार्टर वीज गेली की सुटतो आणि कोणी येऊन हिरवं बटण दाबेपर्यंत तसाच राहतो. आग लागलेल्या तळघरात बटण दाबायला कोण जाणार? वायरिंग बदलून आगीच्या इशाऱ्यावर तो आपोआप उठेल असं केलं. पुन्हा वीज तोडली. उठला. तिसऱ्यांदाही तोडून पाहिली.

१०.४०

अहवाल. मंडईच्या भुयारी मेट्रो स्थानकात २० ऑक्टोबर २०२४ च्या रात्री वेल्डिंगच्या ठिणगीनं फोम पेटला, जीवितहानी झाली नाही, तरी स्थानक धुरानं भरलं होतं. म्हणून दुरुस्तीच्या वेल्डिंगलाही परवाना आणि पहारा हवा, हे इथल्या साहेबांसाठी आधी लिहिलं. मग केबलची भोकं, चौथ्या मजल्याचे चुंबकी होल्डर, आणि सहाव्या मजल्याचा जळलेला अ‍ॅक्च्युएटर, जो आज बदलता आला नाही.

साहेबांनी विचारलं, "बाकी सगळं झालंय, फॉर्म बी आज देता येईल?" मी नाही म्हटलं. अ‍ॅक्च्युएटर गुरुवारी येणार आहे. तोवर सहाव्या मजल्याचा डँपर हातानं उघडून खिळी घालून ठेवला आहे. त्यामुळे दुसऱ्या एखाद्या मजल्यावर आग लागली तर खेच थोडी कमी पडेल, हे लेखी दिलं, आणि रात्रपाळीच्या सुरक्षा मामांना ती खिळी कुठे आहे आणि कशी काढायची ते शिडीवर चढवून दाखवलं. भोकं बुजवायला गुरुवारीच माणूस येतोय. दोन्ही झाल्यावर सहावा मजला पुन्हा तपासायचा आणि मग सही.