जिंजरब्रेडच्या घराचा साखरी गिलावा

नॉर्वेतल्या बर्गन शहरात १९९१ पासून नाताळच्या सुमारास जिंजरब्रेडचं अख्खं शहर मांडलं जातं. बालवाड्यांतली मुलंसुद्धा त्यासाठी घरं करतात!

अशा घरांच्या भिंती जोडते ती रॉयल आयसिंग. एका अंड्याच्या पांढऱ्या बलकात साधारण २०० ग्रॅम आयसिंग शुगर आणि लिंबाच्या रसाचे थेंब घालून ती घट्ट फेटतात. पाणी उडून गेलं की साखर कडक होते आणि सांधा पक्का बसतो. म्हणूनच भिंती काही तास वाळल्यावरच छप्पर चढवतात. उरलेल्या आयसिंगवर ओलं फडकं हवंच.

खिडक्यांची युक्ती तर फारच सुंदर! भाजलेल्या भिंतीतल्या चौकोनात कडक, पारदर्शक गोळ्यांचा चुरा भरून ती पुन्हा ओव्हनमध्ये ठेवतात. चुरा वितळतो, गार झाल्यावर रंगीत काच तयार!