विदूषक माशांच्या जोड्या एका टाकींत किती ठेवाव्या?

शेततळ्यांत रोहू-कटल्याचें बीज सोडतांना आपण पाण्याचें क्षेत्र पाहून बोटुकल्यांची संख्या ठरवितों. पाणी जितकें अधिक तितके मासे अधिक, हा हिशेब तेथें बरोबर आहे. परंतु हल्लीं आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं मुलाबाळांच्या हौसेनें काचेच्या टाक्या आल्या आहेत, व खाऱ्या पाण्याच्या टाकींत नारिंगी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा विदूषक मासा विशेष आवडीनें ठेवितात. बाजारांत ह्यास क्लाऊनफिश म्हणतात. ह्या माशाच्या बाबतींत शेततळ्याचा हिशेब लावणें म्हणजे हातानें त्यास मारणें होय. ह्याच्या एकाहून अधिक जोड्या एकत्र नांदतील कीं नाहीं, हें आम्हीं नुकसान सोसून जाणलें. तेंच नुकसान वाचकांच्या वांट्यास येऊं नये, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

माशाचा स्वभाव.— विदूषक माशांच्या सुमारें ३० जाति असून त्या हिंदी महासागर व पॅसिफिक महासागर ह्यांच्या उष्ण, उथळ पाण्यांत राहतात. आपल्या देशांत अंदमान, लक्षद्वीप व मन्नारचें आखात ह्या बाजूस त्यांतील कांहीं आढळतात. घरगुती टाकींत बहुधा जी जाति असते तिचें शास्त्रीय नांव ॲम्फिप्रिऑन ओसेलॅरिस असें आहे. समुद्रांत हे मासे समुद्रपुष्पाच्या आश्रयानें राहतात. समुद्रपुष्प दिसावयास फूल, परंतु वस्तुतः तो एक प्राणी आहे. त्याच्या तंतूंचा दंश विषारी असल्यामुळें इतर मासे त्यापासून दूर राहतात. विदूषक माशास मात्र अंगावरील बुळबुळीत आवरणामुळें तो दंश बाधत नाहीं. हें घर सोडून तो उघड्यावर गेला कीं मोठा मासा त्यास गिळतो. म्हणून एक समुद्रपुष्प हीच त्याची सर्व स्थावर मिळकत होय, आणि ती तो प्राणपणानें राखितो.

एका पुष्पावर एकच कुटुंब असतें. त्यांत सर्वांत मोठी ती मादी, तिच्या खालोखाल नर, व त्यांच्याहून लहान असे कांहीं मासे असलेच तर ते प्रजननांत भाग घेत नाहींत. आश्चर्य हें कीं, ह्या जातींत कोणीही मादी म्हणून जन्मास येत नाहीं. मादी मेली म्हणजे तिचा नर हळूहळू मादी बनतो व त्याच्या खालचा मासा नराची जागा घेतो. ही गोष्ट हान्स व सिमोन फ्रिके ह्यांनीं १९७७ सालीं प्रसिद्ध केली. पुढें २००३ सालीं पीटर बस्टन ह्या शास्त्रज्ञानें पापुआ न्यू गिनीच्या समुद्रांतील निरीक्षणांवरून दाखविलें कीं, खालच्या क्रमाचे मासे आपली वाढ आवरून धरितात व वरच्याहून नेहमीं लहानच राहतात. वरच्याच्या बरोबरीस येऊं लागलेल्या माशास घराबाहेर हांकलून देण्यांत येण्याची भीति असते. घरांतील शांतता ही अशी आकाराच्या पायऱ्यांवर उभी असते.

दोन जोड्यांची अडचण.— नर एकदां मादी झाला म्हणजे पुन्हां नर होऊं शकत नाहीं. तेव्हां दोन जोड्या म्हणजे दोन माद्या, आणि दोन माद्या म्हणजे एका म्यानांत दोन तलवारी. समुद्रांत हरलेल्यास निदान पळून जाण्यास वाट असते. टाकींत चोहोंकडे कांच. पळणारा मासा वारंवार विजेत्याच्याच हद्दींत येतो व पुन्हां मार खातो.

आमच्या घरची टाकी चार फूट लांब, सुमारें अडीचशें लिटरांची. विक्रेत्यानें दोन जोड्या सुखानें राहतील असें सांगितलें, व वर्षभर त्या राहिल्याही. एक जोडी डाव्या कोंपऱ्यांतील खापराच्या कुंडीपाशीं, दुसरी उजवीकडे. महसुली कामांत आयुष्य गेल्यामुळें हद्दीचे तंटे आम्हांस नवे नव्हते; येथें मात्र वहिवाट सुरळीत लागली असें समजून आम्ही निश्चिंत झालों. नंतर डाव्या जोडीनें कुंडीवर अंडीं घातलीं. त्या दिवसापासून तिची हद्द कोंपऱ्यापुरती न राहतां सर्व टाकीभर झाली. तिसऱ्या दिवशीं उजवीकडील मादी पर फाटून मेलेली आढळली. तिचा नर पाणी तापविण्याच्या नळीमागें दडून होता, तोही आठवड्यांत गेला. दोष माशांचा नव्हता. अंडीं राखणें हा त्यांचा धर्म. वर्षभराच्या शांततेस आम्हीं कायमचा तह समजलों, ही आमची चूक.

जोड्या ठेवावयाच्याच असतील तर.— प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, मोजावयाचें तें पाणी नव्हे, ठाणीं. सहा फुटांहून आंखूड टाकींत दुसऱ्या जोडीचा विचारच करूं नये. त्याहून मोठ्या टाकींतही दोन ठाणीं दोन टोकांस असावींत, व मध्यें दगडांची अशी रास असावी कीं एका जोडीस दुसरी दिसूं नये. दोन्ही जोड्या एकाच दिवशीं सोडाव्या. आधीं वसलेली जोडी नवागतांस थारा देत नाहीं. दोन्ही जोड्या एकाच जातीच्या व आकारानें सारख्या असाव्या. इतकें करूनही शाश्वती नाहीं. म्हणून एक लहानशी तयार टाकी व भोंकें पाडलेला आडवा पडदा नेहमीं जवळ असावा.

दुसरी रीत म्हणजे दहा-बारा अगदीं लहान पिलें एकाच वेळीं सोडणें. मार पुष्कळांत वांटला जातो, त्यामुळें तीं कांहीं काळ गुण्यागोविंदानें राहतात. परंतु वयांत येतांच एक जोडी वर येते व बाकीच्यांचा छळ मांडते. त्या वेळीं बाकीचे काढून घेण्याची सोय ज्यास नसेल त्यानें ह्या वाटेस जाऊं नये.

समुद्रपुष्प आणलेंच पाहिजे असें नाहीं. टाकींत भक्ष्य होण्याची भीति नसल्यामुळें हे मासे एखादी कुंडी किंवा कोंपरा घर म्हणून धरितात. उलट समुद्रपुष्पास प्रखर प्रकाश व जुनें, स्थिरावलेलें पाणी लागतें. तें जागा सोडून फिरतें, पंपांत सांपडतें, व मेल्यास सर्व पाणी नासवितें.

लक्ष कोठें द्यावें.— लहान मासा मोठ्यापुढें एका अंगावर कलून थरथरतो, ही शरणागति आहे, रोग नव्हे. तिजमुळें उलट भांडण मिटतें. परंतु एखादा मासा पृष्ठभागाजवळ कोंपऱ्यांत लटकून राहूं लागला, खाण्यास पुढें येईनासा झाला, किंवा त्याचे पर फाटलेले दिसले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां त्यास वेगळें काढावें. अंडीं घालण्याच्या सुमारास विशेष जपावें. घातल्यापासून सुमारें सहा ते आठ दिवसांत अंडीं फुटतात. तोंपर्यंत नर त्यांस परांनीं वारा घालतो व दोघेंही पहारा देतात.

आमचा सल्ला.— सामान्य घरास एकच जोडी पुरे. शंभर लिटरांच्या टाकींत ती उत्तम राहते. पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १·०२० ते १·०२५ व उष्णता २४ ते २८ अंश सेल्सिअस असावी. नवी टाकी चार ते सहा आठवडे मुरवून, अमोनिया व नायट्राइट नाहींसे झाल्याची परीक्षा करूनच मासे सोडावे. एक थोडें मोठें व एक लहान अशीं दोन पिलें घ्यावीं. मोठें तें पुढें मादी होतें. पूर्ण वाढलेले दोन मोठे मासे कधींही एकत्र आणूं नयेत, कारण ते दोन्ही माद्या असण्याचा संभव असतो. जोडींतील एक मेल्यास त्याच्या जागीं राहिलेल्याहून लहान मासा आणावा. समुद्रांतून धरलेल्यांपेक्षां टाकींत निपजलेलीं पिलें काटक असतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें ह्या माशांचें बंदिस्त प्रजनन साध्य केलेलें आहे. कोंकणांतील आपले जे बंधु असा जोडधंदा करूं इच्छितात त्यांनीं हें पाहून ठेवावें कीं, प्रजनन करणारे लोक प्रत्येक जोडीस स्वतंत्र टाकी देतात. ज्यांचें पोट ह्या माशांवर आहे ते ज्या गोष्टीस धजत नाहींत, ती आपण हौशी लोकांनीं कां करावी?

आमच्या टाकींत सांप्रत एकच जोडी आहे. उजवा कोंपरा मोकळाच आहे, व तो तसाच राहूं द्यावा असें आम्हीं ठरविलें आहे.